अर्ध्या शटरची कमांड

चहा ओता, तोवर माझा पराक्रम ऐका. एका बँकेसाठी आम्ही सर्व्हर बनवतोय. तो चालू असतानाच त्यातला एकेक भाग वेगळा बंद-चालू करायच्या कमांड मी बनवल्या. डेमोत आमच्या ऑफिसच्या सरांनी पैसे पाठवायच्या भागाला ‘बंद’ची कमांड दिली. तो लगेच बंद होईना.

"अडकलं ना! बंद म्हणजे बंद व्हायला नको?" सर डेमो बघायला आलेल्या बँकेच्या बाईंसमोरच ओरडले.

मी म्हटलं, "अडकलं नाही सर. आचोळ्याला आमचं किराणा दुकान आहे. रात्री दुकान वाढवताना बाबा शटर अर्धं ओढतात. नवं गिऱ्हाईक आत घेत नाहीत, पण आतल्याला सामान देऊनच पाठवतात. ही कमांड तेच करतेय. कुणाचे पैसे मध्येच लटकायला नकोत."

बाईंनी विचारलं, "आणि आतला हललाच नाही तर?"

"मग बाबा दिवे घालवायला लागतात. तेही कमांडमध्ये टाकलंय, ठरलेल्या वेळेनंतर."

बाई खळखळून हसल्या. तेवढ्यात तो भाग नीट बंद झाला आणि आमचं काम पास झालं.

घरी सांगितलं तर बाबा नुसतं "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले, तर गिऱ्हाइकाला ऐकवत होते, "पोरगी आता बँकेचं शटर ओढते. शिकली कुठे? इथेच, माझ्या गल्ल्यावर!"