खवट तेलाचं पिंप

—नाही काढणार मी फाटकाची कडी! वाजवू दे त्याला हॉर्न, गाडीवाल्याकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. काल संध्याकाळी धडधाकट होतं ते डुक्कर, मला ढुशी मारून खाद्य खाल्लं त्यानं, आणि सकाळी बघते तर आडवं. अंगावर ओरखडा नाही. गुरांच्या डॉक्टरांनी फाडून हृदय दाखवलं, नुसते लाल डाग — मला बघवेना. व्हिटॅमिन ई कमी पडलं म्हणाले. आणि तू म्हणतोस, बाकीची मरायच्या आत विकून टाकू?

व्हिटॅमिनची पावडर घातली होती म्हणतोस? घातलीस, मी कुठं नाही म्हणते! व्हिटॅमिन ई डबाभर घातलंस, आणि वर तळणीचं जुनं तेल ओतलंस, पिंपभर स्वस्तात मिळालं म्हणून. अरे, खवट तेल ते व्हिटॅमिन आधीच खाऊन टाकतं! तेल आलं, व्हिटॅमिन गेलं, डुकराच्या वाट्याला धुपाटणं! शाळेची पायरी चढले नाही मी, पण पोत्यांवरची अक्षरं लावत लावत एवढं शिकले. खाटीक परवा काय म्हणाला? मावशी, तुमचं मांस दुकानातल्या काचेच्या कपाटात कसं लालबुंद राहायचं, आता दुपारीच काळवंडतं, ताटात पाणी सोडतं. मी त्यालाच झापलं — तुझा बर्फ कमी पडतो म्हटलं. शहाणी मी!

काय पुटपुटलास? मोठ्यानं बोल की. तेल तुलाच हुंगायला दिलं होतं म्हणतोस? — हो, दिलं होतंस. तुझे बाबा होते तेव्हापासून इथलं खाद्याचं एकही पोतं मी हुंगल्याशिवाय, चिमूटभर जिभेवर ठेवल्याशिवाय सुटलं नाही. हुंगलं, चाखलं, म्हटलं चांगलं आहे, ओत. मग? माणसाला सर्दी होत नाही? — असा बघू नकोस रे. नव्हती सर्दी. त्या दिवशी दूध करपून पातेलं काळं झालं, सूनबाई रस्त्यावरून धावत आली, आणि मी शेगडीशेजारीच भाजी निवडत बसलेली. तिनं गॅस बंद केला. मला जळका वासच आला नव्हता. तेव्हापासून जीव मुठीत धरून आहे — उद्या गॅस सुटला तर? लसूण चोळते बोटांना, साबण हुंगते, फिनेल हुंगते — काही नाही, नुसती कोरी हवा. तुला सांगितलं असतं तर तू मला खाटेवर बसवलं असतंस, आई आता आराम कर म्हणून. आराम! मग मी कोण रे या घरात? म्हणून तोंड शिवून बसले, आणि ती मुकी जनावरं माझ्या जिभेच्या भरवशावर खात राहिली.

नको, जवळ येऊ नकोस. डोळे पुसायला नाही बोलावलं तुला. ताजं खाद्य काही आठवडे पोटात गेलं की मांस पुन्हा टिकेल, कापल्यावर वरून व्हिटॅमिन फासणार आहेस का? गाडी परत पाठव, ते पिंप आधी आवाराबाहेर काढ, आणि आजपासून खाद्य माझ्या नाही, तुझ्या बायकोच्या नाकाखाली धर.