करंगळीनं मिळवलेले दोन हजार

हॅलो?… व्हय, कडूबाईच बोलतीया, सोनारीची. कोण?… सरकारकडनं? अगं बाई! थांबा हं जरा, वाळवणात कोंबड्या शिरल्यात. हुश्! हुश्!… हां, बोला.

व्हय, व्हय, मिळालं की! किसानचं दोन हजार. पुरं दोन हजार, पाचशाच्या चार नोटा. लई उपकार झालं बघा तुमचं… तुमी न्हाय दिलं? मग ज्यांनी दिलं त्यास्नी सांगा, कडूबाईनं हात जोडलेत म्हनावं.

…बँकेतनं कुठलं? लॉकडाऊन हाय न्हवं? परंड्याला जायाला यष्टी न्हाय, रस्त्यावर पोलीस. पोस्टमन आले की, सिद्रामप्पा! ज्वारीची रास चालली हुती, तिथं शेतात आले. भर उनात, सायकलीवर, तोंडाला उपरणं बांधून…

…थोडक्यात? बरं, बरं.

…अंगठा? न्हाय लागला. ज्वारी काढून काढून रेघच ऱ्हायली न्हाय अंगठ्याला. त्यांच्याजवळचं ते अंगठा घ्यायचं यंत्र नुसतं टुंई टुंई करतंय. दुसरा असता तर गेला असता निघून. ह्यांनी हात धुवाय लावलं, तेल चोळाय लावलं, पुसाय लावलं, आन् एकेक बोट टेकवून बघितलं. शेवटाला डावी करंगळी लागली! म्या घरी येऊन तिला हळदकुंकू लावलं… हसू नका, खरं सांगते. त्या पैशावर आमच्या मालकाच्या शुगरच्या गोळ्या आल्या. आठ दिस गोळी न्हवती, बांधावर दोनदा चक्कर येऊन पडले हुते. आज सकाळी सोता बैल सोडून गेले. माजं कुकू राखलं बघा सिद्रामप्पानं.

…इचारा की.

…पैसे आनून दिल्याबद्दल काय घेतलं का? घेतलं की! सूपभर ज्वारी. टपालाच्या पिशवीतच वतली.

…होय लिवलं? बरं… आँ? तक्रार? कुनाची तक्रार?… अगं बाई, थांब! थांब! खोड ते! त्यांनी घेतली न्हाय, म्या दिली. ते न्हाय न्हाय म्हनत सायकल घेऊन निघाले हुते, म्याच पिशवी वढली. राशीवर आलेला मानूस रिकामा जातो व्हय? मागायला आलेल्याला देतो आमी, आन् ह्यांना कसं सुकं धाडू?…

तुज्या कागदात तसं न्हाय? होय न्हायतर नाही, दोनच?… मग माझ्या तोंडापायी त्यांची नोकरी जायची की गं! दोन वर्सं ऱ्हायलीत त्यांची. कसलं हे त्वांड माजं!

हॅलो?… हाईस का? तू कुठली गं?

…भूमकडची? शेतकऱ्याचीच लेक? मग तुला राशीचं म्या काय सांगू… तुज्या बापाला मिळालं का गं?… न्हाय? का?… अंगठा? तीन हेलपाटे? आन् बाकीची नऊ बोटं काय झोपली हुती?… कुनी सांगितलंच न्हाय! मग आता तू सांग. हात धुवा म्हनावं, तेल चोळा, पुसा, आन् धा बी बोटं लावून बघा. करंगळी इसरू नका.

…अगं, रडतीस कशाला? दिसभर दुनियेला इचारतीस, मिळालं का, मिळालं का, आन् सोताच्या घरात… अगं माझी बाय ती. मिळत्यात बघ. माजा भैरवनाथ हाय.

…काय? काय लिवलंस? परत सांग… 'नाही'? 'नाही' लिवलंस?… आता कसं बोललीस! जीव भांड्यात पडला माजा. तुज्या बापाच्या रानात सोनं पिकू दे लेकी.

…हां, ठेव, ठेव. तुला अजून लई फोन असत्याल… अगं ऐक ना, एक ऱ्हायलंच! बापाला सांग, पोस्टमन दारात येईल तवा सूप भरून ठेवा.

आन् मागनं असला फोन आला… तर 'नाही' म्हना.