नाव घेऊन खायची खीर

कोबेच्या रशियन चर्चच्या मदतीसाठी जेवण होतं. रांगेत माझ्यापुढे एक सासू आणि सून.

“सुलेखा, त्या लाल सूपात मटण नाही ना?”

“नाही आई, नुसतं बीट नि कांदा. सध्या त्यांचे उपवास चालू आहेत.”

“उपवासाला कांदा? असो. आणि ती गव्हाची खीर?”

“ती गेलेल्या माणसासाठी खातात. वाढणाऱ्या बाई म्हणतायत, आधी त्याचं नाव घ्यायचं.”

“मग तुझ्या सासऱ्यांसाठी घेऊ. नाव तू सांग.”

“ज्याचं माणूस, त्यानंच घ्यायचं म्हणे.”

“लग्नातला उखाणा सोडला तर कधी घेतलं नाही गं मी.”

“इथे कोणाला कळतंय, आई?”

“चारुदत्त.”

“झालं. ही घ्या वाटी.”

“थांब. त्या बाईंना नीट ऐकू गेलं नसेल. परत सांगते.”