तळटीप क्रमांक ११२ बाबत

मी, तेमेनुगा रुसेव्हा काल्चेव्हा, वय ४६ वर्षे, व्यवसाय संग्रहालयात धार्मिक चित्रकलेची अभ्यासक (पीएच.डी.), राहणार ब्लॉक १४, जिना ब, चौथा मजला, सिपोवो. आज सोमवार, दि. २१ ऑक्टोबर रोजी कोणी न बोलावता पोलीस ठाण्यात हजर होऊन इन्स्पेक्टर कोस्तादिनोव्ह यांच्यासमोर सांगते ते असे:

आठ वर्षांपूर्वी सीमेवरच्या डोंगराळ गावांतील चर्चची चित्रे, त्यामागची श्रद्धा आणि गावसमाज या विषयावर माझे पुस्तक निघाले. पाने ४१२, प्रती ४००, निळे कव्हर. बहुतेक प्रती ग्रंथालयांत गेल्या. पुस्तक कोणी चोरीसाठी वापरील असे तेव्हा मनात आले नव्हते.

पुस्तकात गोर्ना क्लेनित्सा व दोल्ना क्लेनित्सा ही दोन गावे आहेत. गोर्ना डोंगरावर, दोल्ना खाली नदीकाठी, मध्ये चार किलोमीटरचा चढ. दोन्ही चर्चमध्ये संत पेत्काची फळीवर रंगवलेली एकेक प्रतिमा. चित्रकार एक, माप एक. लोक त्यांना बहिणी म्हणतात. १४ ऑक्टोबरला, पेत्काच्या सणाला, वरची बहीण भरतकामाच्या पंचात गुंडाळून खाली आणतात, दोघींना एका मेजावर शेजारी ठेवतात आणि संध्याकाळी वरचीला परत घरी नेतात. वरच्या प्रतिमेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात जळाल्याचा डाग आहे. खालच्या प्रतिमेला उभी भेग आहे. एरवी दोघींत फरक सांगता येत नाही.

गोर्नाच्या चर्चची किल्ली वेलिका स्तामेनोव्हा, वय ८१, यांच्याकडे असे. त्याआधी ती त्यांच्या आईकडे होती. किल्ली चुलीमागच्या खिळ्याला टांगलेली असायची. तीन उन्हाळे मी त्यांच्या घरी राहिले आहे. मी त्यांना आजी म्हणते. प्रतिमेवरचा डाग त्यांच्या आईच्या हातून पडला. तिचा मुलगा वारला त्या वर्षी ती हातात मेणबत्ती घेऊन प्रतिमेपुढे बसली आणि बसल्या बसल्या झोपली. हे आजींनी मला पहिल्याच उन्हाळ्यात सांगितले होते. पुस्तकात या प्रतिमांची शैली, रंग व दाते यांवर सहा पाने आहेत. डागावर एक ओळ नाही. डाग म्हणजे नुकसान, अभ्यासाचा विषय नव्हे, असे मी तेव्हा मानत होते.

पान २०७ वरील तळटीप क्रमांक ११२ मी लिहिली, ती अशी: "चर्चची किल्ली श्रीमती वेलिका स्तामेनोव्हा यांच्याकडे असते. विहिरीमागे, निळ्या दाराचे घर. अभ्यासकांसाठी त्या केव्हाही आनंदाने दार उघडतात." ऋण मानावे म्हणून लिहिली.

मंगळवार, दि. ६ फेब्रुवारी रोजी सकाळी अकराच्या सुमारास दोन अनोळखी पुरुष त्या घरी आले. पुढची हकीकत मी ११ फेब्रुवारीला आजींच्या तोंडून ऐकली. मी विचारले, "आजी, कोण आहात म्हणून विचारलं नाहीस का त्यांना?"

"विचारायचं काय? हातात तुझं पुस्तक. हेच निळं. माझं दिव्याखाली ठेवलेलं आहे ना, अगदी तसलंच. त्यानं पान काढून माझं नाव वाचून दाखवलं, विहीर वाचली, दार वाचलं. मला वाटलं, तूच पाठवलंस. थंडीनं काकडले होते मेले, मी आधी चहा पाजला."

"आत गेलीस का त्यांच्याबरोबर?"

"तूच ना सांगितलेलंस, मागं उभं राहू नको आजी, सावली पडते? मी बाहेर बाकावर बसले. बर्फात. शहाण्यासारखी."

चर्चमध्ये छायाचित्रे घेताना हे मी त्यांना सांगितले होते हे खरे आहे. अर्ध्या तासाने ते दोघे बाहेर आले, स्वतः कुलूप लावले, किल्ली परत दिली आणि एकाने आजींच्या हाताचे चुंबन घेतले. शुक्रवारी, ९ तारखेला, आजी दिवा लावायला गेल्या तेव्हा जागेवर फक्त पंचा होता, घडी घातलेला.

कुलूप मोडलेले नसल्याने संशय आजींवर आला. दुकानापुढे सरपंच ग्रोझदान माझ्यासमोर म्हणाले, "किल्ली हिच्या खिळ्याला, कुलूप धडधाकट. मग काय पेत्का आपल्या पायांनी चालत गेली, डॉक्टरीणबाई?" एक बाई म्हणाली, "हिचा नातू परदेशात नवीन गाडी उडवतोय, ती काय प्रार्थना करून मिळाली?" लोक हसले. पुस्तक आणून तळटीप दाखवते असे मी त्यांना म्हणाले. ग्रोझदान म्हणाले, "पुस्तकं तुम्ही वाचा. आम्हाला आमची पेत्का आणून द्या." १८ फेब्रुवारीला आजींनी किल्ली स्वतः काढून सरपंचांकडे दिली. खिळा तसाच आहे.

एप्रिलमध्ये इन्स्पेक्टरसाहेबांनी परदेशातील एका लिलावगृहाच्या यादीतले छायाचित्र मला दाखवले. डाव्या कोपऱ्यातील डागावरून ती गोर्नाची प्रतिमा असल्याचे मी लगेच ओळखले. पोलिसांनी हरकत नोंदवली. जूनमध्ये लिलावगृहाचे लेखी उत्तर आले. त्यात माझ्याच पुस्तकाचा आधार आहे. त्यांच्याकडील प्रतिमा पुस्तकातील चित्र क्रमांक ४२ शी जुळते, चित्र ४२ खाली दोल्ना क्लेनित्सा असे छापले आहे, आणि दोल्नाच्या चर्चमधून काही चोरीस गेल्याची नोंद नाही. सबब त्यांच्याकडील वस्तू चोरीची ठरत नाही.

चित्र ४१ व ४२ यांखालील गावांची नावे एकमेकांच्या जागी पडली आहेत. चूक माझी आहे. दोन्ही छायाचित्रे मी सणाच्या दिवशी दोल्नाच्या चर्चमध्ये, दोघी शेजारी असताना घेतली. वहीत "डावी वरची, उजवी खालची" असे लिहिले. ते मेजाच्या पुढून लिहिले की मागून, हे दोन वर्षांनी नावे घालताना मला आठवले नाही; डागावरून ओळखता आले असते, पण डागाकडे मी पाहिले नाही आणि गावी जाऊन पडताळलेही नाही.

ही चूक मला जूनमध्ये कळली असे मी आधी इन्स्पेक्टरसाहेबांना फोनवर सांगितले होते. ते खोटे आहे. ते खोडण्यासाठी आज आले आहे.

पुस्तक छापून आल्याच्या आठवड्यात मी एक प्रत आजींना नेऊन दिली. त्यांना वाचता येत नाही. पाने उलटता उलटता चित्र ४२ वर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "ही बघ आमची. हा आईचा डाग." मी खालचे नाव वाचले. दोल्ना होते. मी म्हणाले, "हो आजी." मग विषय बदलायला मी पान २०७ काढून त्यांचे नाव दाखवले आणि त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली. त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवले आणि मला दही-भाकरी वाढली.

तेव्हा ते पुस्तक माझ्या बढतीच्या समितीपुढे होते. दुरुस्तीची चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत चिकटवायची आमच्या कामात पद्धत आहे. एका दुपारचे काम होते. पुढच्या आवृत्तीत बघू, असे मी स्वतःला सांगितले. असल्या पुस्तकांना पुढची आवृत्ती नसते हे मला तेव्हाही माहीत होते.

लिलावगृहाने सप्टेंबरमध्ये प्रतिमा विकली. घेणाऱ्याचे नाव ते सांगत नाहीत. मूळ वही मी आज जमा करत आहे. त्यावर इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले, "मॅडम, पुस्तक तुमचं, आणि आता तुम्हीच म्हणता पुस्तक चूक. त्यांचा वकील विचारणार, मग आणखी काय काय चूक आहे त्यात? काय सांगाल?" मी वही त्यांच्या टेबलावर ठेवली.

माझी मागणी एवढीच की वेलिका स्तामेनोव्हा यांचा दोष नाही अशी नोंद व्हावी. इन्स्पेक्टरसाहेबांनी समजावून सांगितले की त्यांच्यावर आरोप ठेवलेलाच नाही, त्यामुळे त्यांना निर्दोष म्हणण्याची तरतूद नाही. चौकशी झालेल्या व्यक्तींच्या यादीत नाव राहील. "मी तरी काय करू? फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही," असे ते म्हणाले. ते माझ्याशी सौजन्याने वागले.

या महिन्यात १४ तारखेला मी दोल्नाच्या चर्चमध्ये होते. खालची बहीण मेजावर ठेवली होती. बायकांनी उजवीकडची अर्धी जागा मोकळी सोडून तिथेही पंचा अंथरला होता. वरच्या गावाहून कोणी उतरले नाही. दुपारी मी सणाची भाकरी घेऊन वर गेले. आजींनी दार अर्धेच उघडले. भाकरी घेतली. आत जाऊन पंचात गुंडाळलेले पुस्तक आणून माझ्या हातात दिले.

"हे तू ने, पोरी. त्यात माझं नाव आहे. मी मेल्यावर कोणी बघायला नको."

मी म्हणाले, "आजी, दुसऱ्यांकडे पण प्रती आहेत गं. ग्रंथालयांत आहेत."

"किती?"

मी खरा आकडा सांगितला. त्यांनी दार लावून घेतले. ती प्रत पंचासकट या जबाबासोबत जोडत आहे. पान २०७ वरील रेघ माझ्या हातची आहे.

जबाब संगणकावर टंकून मला मोठ्याने वाचून दाखवला. एका ठिकाणी गोर्नाऐवजी दोल्ना पडले होते. "राहू द्या ना मॅडम, आता काय फरक पडतो," असे इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले. मी ते पेनने खोडून गोर्ना लिहिले, समासात सही केली, आणि पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लावले. आता माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

सही/-
ते. रु. काल्चेव्हा