नाना आणि नदीकाठची घरपट्टी

काकू, सोपानराव आणि जमलेली सगळी मंडळी,

मला बोलायला उभं केलंय खरं, पण नानांच्या शोकसभेत काय नि कसं बोलावं? आणि गंमत अशी, की नानांची आठवण निघाली की रडण्याआधी हसूच फुटतं. हसलो तर राग मानू नका.

नाना देहूरोडला नोकरीत होते. निवृत्तीच्या तोंडावर त्यांनी इथे पवनेच्या काठी, माझ्या शेजारी, प्लॉट घेतला. काकूंना म्हणाले, "व्हरांड्यात बसून नदी बघत चहा पिऊ." आणि थोड्याच दिवसांत कचेरीनं पुराची रेषा आखली. रेषेच्या आत, नदीच्या बाजूला, बांधकाम बंद! नानांचा अख्खा प्लॉट आत. सोपानरावांचं जुनं घरही आत. बांधायचं काही नाही, पण घरपट्टी मात्र रिकाम्या जागेलाही हमरस्त्यावरच्या बंगल्याच्या दरानं!

आम्ही भडकलो. रेषाच उडवा म्हणालो. नाना म्हणाले, "रेषा बरोबर आहे रे. पूर आला की नदीनं जायचं कुठं? पट्टी चूक आहे. त्यावर भांडू."

सोपानरावांची अडचण मोठी. मागची भिंत खचलेली, आणि दुरुस्तीलाही परवानगी नाही. आठवतंय ना सोपानराव, तुम्ही काय म्हणालात? "नाना, पावसात लेकरं घिऊन जाऊ कुठं? आमी पिढ्यान्पिढ्या हितंच हाय."

आम्ही अर्ज केला, तेव्हा सुनावणीला कचेरीतले साहेब म्हणाले, "पण नदीकाठी हवा किती छान! तिची किंमत नको?"

नाना म्हणाले, "हवेची पट्टी घ्या साहेब. पण मग डासांची सूट द्या!"

अख्खी कचेरी हसली. साहेबही हसले. मग हळूच म्हणाले, "तुमची जागा मोकळी आहे. तुमची पट्टी आजच कमी करतो. त्या घराचं नंतर बघू."

नाना म्हणाले, "मग माझंही नंतरच बघा. आम्ही बरोबर आलोय."

मंडळी, किती जण असं म्हणतील? सांगा ना, किती जण?

त्या पावसाळ्यात सोपानरावांचं कुटुंब, नाना स्वतः भाड्यानं राहत होते त्याच दोन खोल्यांत राहिलं. काकू, दोन्ही घरांचा स्वयंपाक तुम्ही केलात. नाना खेटे घालत राहिले. शेवटी साहेब स्वतः आले, खचलेली भिंत हात लावून पाहिली. जुन्या घरांना दुरुस्तीची मुभा मिळाली. रेषेच्या आतली पट्टी उतरली. सगळ्यांचीच उतरली.

रेषा मात्र राहिली, आणि नानांचा व्हरांडा राहूनच गेला. त्या प्लॉटवर त्यांनी वांगी लावली आणि आपल्याला खाऊ घातली, नको म्हटलं तरी! मी एकदा विचारलं, "नाना, तुम्ही हरलात का हो?"

म्हणाले, "हरलेल्या माणसाची वांगी एवढी मोठी असतात का रे?"

आता उभे राहू या. शांत राहू या. पण एकच मिनिट हं. गप्प बसलेली सभा नानांना कधी सोसली नाही. मिनिट झालं की बोला, मोठ्यानं बोला.

नाना, नमस्कार.