सहावा सेकंद

—नाही नाही, आधी खा तुम्ही, ही खिमा-राजम्याची चिली निवली की चरबीचा थर येतो तिच्यावर. आणि तो दालचिनीचा रोल तिच्यातच बुडवायचा. टेक्सासच्या माणसांना विचित्र वाटतं, पण आमच्या नेब्रास्कात शाळेपासून असंच. हां, तर तुम्ही विचारलंत, तुम्ही सामने जिंकता कसे — घोटून घोटून, की एका झटक्यात? हेड कोच काय म्हणाला? झटक्यात, हो ना? साठ यार्डांची फेक, सगळं स्टेडियम उभं — तो तेच सांगणार, आणि मी शेजारी बसून मान डोलवायची. डोलवली ना मघाशी? बघितलंत तुम्ही.

मी कॉलेजच्या फुटबॉल टीममधल्या पुढच्या फळीचा कोच, बाई. तुमच्या लेकासारखी, कोल्बीसारखी दांडगी पोरं, जी चेंडूला हातही लावत नाहीत, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकसमोर नुसती भिंत होऊन उभी राहतात. खिडकीतून ती पाइपांची जाळी दिसते? छातीएवढी उंच? तिच्याखालून वाकून पहिलं पाऊल टाकायचं. सहा इंचांचं. रोज चाळीस वेळा. डोकं वर आलं की ठण्‌ — हेल्मेट वाजतं, बाकीचे ओरडतात, ‘कोण आहे दारात!’ तीस वर्षं मी तेवढंच शिकवलं. असं घोटलं की टीम तीन-तीन यार्डांनी सरकते, लोक मधेच उठून हॉटडॉग आणायला जातात. जाऊ देत. पोरं मात्र घरी धड जातात — बहुतेक.

बहुतेकच म्हणतो मी. गेल्या ऑक्टोबरात — तुम्ही व्हिडिओ बघितला असेल, सगळ्यांनी बघितला — शेवटचं मिनिट, आम्ही चार गुणांनी मागे. हेड कोचने लांब फेक मागितली. भिंतीने तीन सेकंद धरायचं, तोवर चेंडू सुटतो, असा आमचा हिशोब. पण मॅलरी, आमचा क्वार्टरबॅक, मागे पळाला, मग उजवीकडे, परत मागे — सात सेकंद, बाई! आणि डावीकडे ट्रेंट कुसेक, माझा पोरगा — म्हणजे माझा नव्हे, पण तुम्हाला कळतंय — तो धरून होता. मग चेंडू सुटला, पलीकडे झेलला गेला, आम्ही जिंकलो. सगळे मैदानात धावले. कुसेक पाठीवर पडला होता. गुडघा फिरला होता. त्याला वळसा घालून धावली माणसं.

आणि मी काय केलं? रविवारी आम्ही फिल्म बघून प्रत्येक खेळीला गुण देतो, अधिक किंवा वजा. कुसेकला मी वजा दिला. पावलावर पाऊल चढलं होतं ना! चूक ती चूक, जिंकलो म्हणून काय झालं — मला वाटलं, मी किती खरा माणूस. सोमवारी गुणांचा कागद भिंतीवर लागला. तो कुबड्यांवर आला, वाचला, म्हणाला, ‘बरोबर आहे कोच, सहाव्या सेकंदाला पाय चुकला.’ सहाव्या! मी तीनच शिकवतो, बाई. सहाव्या सेकंदाला काय करायचं, हे मी कधी कुणाला सांगितलेलंच नाही. मला स्वतःलाच माहीत नाही.

तुम्ही प्रत्यक्ष काय बघितलंत, असं का विचारता? — नाही, विचारा. मी सगळ्यांना सांगतो, चेंडूकडे बघायचं नाही, समोरच्याच्या छातीकडे बघा. त्या दिवशी मी चेंडूकडे बघत होतो. तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखा. कुसेक पडला, ते मला फिल्ममध्ये कळलं. आणि — हे कुणाला बोललो नाही — मी उड्या मारत होतो. मजा आली मला. तीस वर्षांत एवढी मजा कधी आली नव्हती.

आता ती डावीकडची जागा रिकामी आहे. तिथेच हवाय त्यांना तुमचा कोल्बी. मी त्याला पाऊल नीट शिकवीन, शपथ घेऊन सांगतो. पण कोण किती वेळ पळत बसेल, हे माझ्या हातात नाही, आणि स्टेडियमचा आवाज चढला की मीही बघणार नाही त्याच्याकडे. हे मी तुम्हाला सांगायचं नव्हतं. तुम्ही त्याच्या प्रवेशाच्या कागदावर सही करून परत जावं, एवढंच माझं काम होतं.

रडू नका हो. उठा. खाली त्याला आमची जर्सी घालून फोटो काढतायत, एकदा फोटो निघाला की पोरं आईचं ऐकत नाहीत. डावीकडचा जिना. — नाही, मी नाही येत. जा ना बाई, पळा.