गुणातात्यांच्या टकलावरचा कौल

हरीचं नाव झालं, टाळ खाली ठेवा, सुपारी गालात सरकवा — आणि मंडळी, मला एक सांगा! सांगणारा आपला, कान आपला, पण सांगितलेलं खरं की खोटं, हे पाहायचं काम कुणाचं? कोण म्हणालं देवाचं? बरं! मग ऐका, देवालाच विचारायला गेलेल्या माणसाची गोष्ट.

खाजणवाडीचे गुणाजी राऊळ. वीज खात्यातले वायरमन! तीस वर्षं खांबावर काढली, मग निवृत्तीचा पैसा हातात आला. म्हातारपणाची सगळी भाकरी त्यातच! तेवढ्यात कुणीतरी कानाला लागलं — ईटीएफ घ्या! झालं! तात्या जेवताना ईटीएफ, झोपेत ईटीएफ! पण खातं जोडीचं, बायकोच्या सहीशिवाय पैसा हलायचा नाही. शेवंतीकाकू म्हणाल्या, "ह्यां हा काय, तां माका एका वाक्यात सांगा. मगेच सही!"

एक वाक्य! तात्या वाक्य शोधायला बाहेर पडले.

न्हावी म्हणाला, "डोळे मिटून घ्या तात्यानू! माझ्या साडूच्या शेजाऱ्यान घेतल्यान, म्हयन्यात दारात फ्रीज!" फ्रीज दारात का, घरात का नाही — विचारलं? छे! मोबाईलवर एक ज्ञानी होते. सकाळी गुलाबाच्या चित्रासकट निरोप — 'आजच घ्या.' संध्याकाळी त्यांचाच निरोप — 'आजच विका.' गुलाब तोच! त्या अख्ख्या बाजारात स्थिर काय, तर गुलाब!

शेवटी तात्या गेले देवीला कौल लावायला. पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. तात्यांनी चष्मा काढून पाषाणाखालच्या पायरीवर ठेवला, हात जोडले. सोनू गुरवानं गाऱ्हाणं घातलं — "बा देवी म्हाराजा! ह्यां तुझां लेकरू आपलो पैसो ईटीएफात घालूक बघता..."

"व्हय म्हाराजा!" गाव ओरडला. मागून एक हळूच, "ईटीएफ म्हणजे खंयचो देव रे?"

अर्धा तास! उजवी हलेना, डावी हलेना. आणि एकदम दोन्ही सुटल्या — टप्, टप् — थेट तात्यांच्या चष्म्यावर! एक या काचेवर, एक त्या काचेवर!

सोनू गुरवानं वाकून चष्मा नीट पाहिला. मग म्हणाला, "तात्यानू... कागद वाचलास काय?"

"कसलो कागद?"

बायकांतून शेवंतीकाकूंचा आवाज, "लोणच्याच्या बरणीखालचो!"

होता, मंडळी! फंडवाल्यांच्याच संकेतस्थळावरून काकूंनी तालुक्याला जाऊन छापून आणलेलं माहितीपत्रक. दोन महिने बरणीखाली तेल पीत होतं! काकू म्हणाल्या, "तीस वर्षां टेस्टर लावल्याशिवाय तारेक हात लावलास नाय. आणि पैशाक न्हाव्याचो टेस्टर?"

तात्यांनी पाकळ्या झटकल्या, चष्मा घातला. अकरा दिवस वाचन! तेलाच्या डागाखालचं एक कलम उन्हात धरून वाचलं. खर्च किती, कुठल्या निर्देशांकामागे चालतो, रोज खरेदी-विक्री किती — सगळं शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर ताडून पाहिलं. बाराव्या दिवशी चुलीपाशी उभे राहिले.

"पन्नास कंपन्यांच्या शेअरांची एक टोपली, तिचो तुकडो बाजारात शेअरासारखो मिळता, आणि कंपन्यो खाली गेल्यो की टोपली पण खाली."

"खाली पण जाता?"

"व्हय."

"बघा! ह्यां न्हावी बोललो नाय!" आणि काकूंनी सही केली. अर्ध्या पैशापुरती!

संपलं? कुठलं! गावात बातमी — तात्यांना ईटीएफ प्रसन्न! सोमवारी दारात रांग. तात्यांना पाटावर बसवलं, टक्कल ओलं केलं, आणि वर तेरड्याच्या पाकळ्या चिकटवल्या! "बा गुणातात्या म्हाराजा, घालू की नको?" तात्या हलेनात. हलले तर कुणाचं तरी घर बुडायचं! माशी बसली. नाकावर. तात्या सोसतायत... सोसतायत... हाक्छी! शिंकले! "उजवो! उजवो!" लोक बँकेकडे पळणार —

तोच दारात शेवंतीकाकू. कडेवर लोणच्याची बरणी, हातात छापील कागदांचा गठ्ठा. प्रत्येकाच्या हातात एकेक दिला. "ह्यो कागद घरी न्हेवा. चष्मो आपापलो लावा."

रांग विरली. कुणाला दूध काढायचं आठवलं, कुणाला जावई! फक्त सोनू गुरव थांबला. पायरीवर बसून त्यानं पहिलं पान उघडलं.

आता तुम्ही! माना डोलावताय! उद्या पारावर म्हणाल — "ईटीएफ चांगलो, बुवांनी कीर्तनात सांगितलं." मी कुठं सांगितलं? आणि तुम्ही, दुसऱ्या रांगेतले — हातात तेरडा का आणलाय? माझ्या पगडीपासून लांब ठेवा तो! बोला, पुंडलिक वरदे — थांबा. आधी चष्मे शोधा.